जुन्या संगणकावरील लिनक्स नव्या संगणकावर कसे न्यावे

नवा संगणक हाती आल्यावर बहुतेक जण लिनक्स नव्याने टाकतात आणि पुढचे कित्येक दिवस जुन्या मांडणीतील राहून गेलेल्या गोष्टी आठवून आठवून परत जुळवीत बसतात. वर्षानुवर्षे वापरून अंगवळणी पडलेली प्रणाली आहे तशी उचलून नव्या यंत्रावर नेता येते, हे अनेकांना ठाऊक नसते. लिनक्सच्या कर्नलसोबत, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यासोबत, बहुसंख्य हार्डवेअरचे ड्रायव्हर मॉड्यूलच्या (सुट्या तुकड्यांच्या) रूपात आधीच डिस्कवर असतात, आणि प्रत्येक वेळी संगणक सुरू होताना समोर जे हार्डवेअर दिसेल त्याचे मॉड्यूल कर्नल भरतो. त्यामुळे एका यंत्रातील डिस्क काढून दुसऱ्यात बसवली तरी पुष्कळदा प्रणाली काहीही न बदलता सुरू होते.

जिथे अडते तिथे ते काही मोजक्याच धाग्यांमुळे अडते. बूटची (संगणक सुरू होण्याची) नोंद जुन्या मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्यातील मूळ प्रोग्रॅममध्ये, राहून जाते, पार्टिशनची (डिस्कच्या भागाची) ओळख बदलते, प्रारंभिक रॅमडिस्क (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइल) जुन्या हार्डवेअरपुरतीच बांधलेली असते, ग्राफिक्सचा ड्रायव्हर दुसऱ्या कार्डाचा असतो किंवा नेटवर्क कार्डाचे नाव वेगळे निघते. हे धागे आधी ओळखून सोडवले, तर सारे काम एका दुपारी होते. मी पहिल्यांदा हे केले तेव्हा ते ठाऊक नसल्याने माझा पुष्कळ वेळ वाया गेला. तो तुमचा जाऊ नये म्हणून क्रमाने लिहीत आहे.

लेखात आज्ञांची आणि फाइलींची नावे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांत लिहावयाची असतात. कोणतीही आज्ञा चालवण्यापूर्वी तिचे मॅन पान (टर्मिनलवरच दिसणारी माहितीपुस्तिका) एकदा वाचून घ्यावे.

१. स्थलांतर करावे की नव्याने टाकावे, हे आधी ठरवा

काही परिस्थितींत जुनी प्रणाली उचलून नेणे शक्यच नसते. जुना संगणक इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरचा आणि नवा एआरएम प्रोसेसरचा असेल, तर जुने प्रोग्रॅम तिथे चालणार नाहीत. जुनी प्रणाली ३२ बिटची असेल, तर ती ६४ बिटच्या यंत्रावर एरवी चालते, पण तो वारसा पुढे ओढण्यात अर्थ नाही. तुमच्या डिस्ट्रिब्युशनच्या (उबुंटू, फेडोरा यांसारख्या लिनक्सच्या संचाच्या) आवृत्तीचा आधार संपत आला असेल, तरीही नवी प्रणाली टाकून फक्त स्वतःच्या फाइली आणि मांडणी नेणे शहाणपणाचे ठरते.

आणखी एक कसोटी आहे. तुमच्या डिस्ट्रिब्युशनच्या त्याच आवृत्तीचा लाइव्ह यूएसबी (ज्यावरून लिनक्स डिस्कवर न टाकता सुरू करता येते असा पेनड्राइव्ह) तयार करा आणि नवा संगणक त्यावरून सुरू करून पाहा. पडदा नीट दिसतो का, वायफाय सापडते का, आवाज येतो का आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आतली डिस्क दिसते का, हे तपासा. नुकत्याच बाजारात आलेल्या हार्डवेअरला जुना कर्नल ओळखत नाही. तसे दिसले, तर स्थलांतराआधीच जुन्या संगणकावर नवा कर्नल बसवा. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्त्यांसाठी एचडब्ल्यूई नावाची कर्नलची मालिका मिळते, तर डेबियनमध्ये बॅकपोर्ट्स भांडारातून नवा कर्नल घेता येतो.

लाइव्ह यूएसबीवरून डिस्क मुळीच दिसत नसेल, तर फर्मवेअरमधील स्टोरेजची पद्धत पाहा. इंटेलच्या अनेक लॅपटॉपवर ती रेड किंवा आरएसटी अशी ठेवलेली असते, आणि ती एएचसीआय केली की डिस्क दिसू लागते. मात्र त्या यंत्रावर विंडोज असेल आणि ते ठेवायचे असेल, तर हा बदल केल्यावर विंडोज सुरू न होण्याची शक्यता असते, आणि बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-एन्क्रिप्शन) चालू असेल तर ते रिकव्हरी की मागते. ती की आधी लिहून घेतल्याशिवाय या पर्यायाला हात लावू नका.

२. हाताशी काय काय हवे

लाइव्ह यूएसबीसाठी ८ जीबी किंवा त्याहून मोठा पेनड्राइव्ह लागतो. याशिवाय जुन्या डिस्कवरील सगळा डेटा मावेल अशी एक बाहेरची डिस्क हवी, आणि ती एक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टीमच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी. बाजारातून आणलेल्या बाहेरच्या डिस्क बहुधा एक्सफॅट किंवा एनटीएफएस असतात. एक्सफॅटमध्ये लिनक्सच्या फाइलींची मालकी आणि परवानग्या साठवल्याच जात नाहीत. अशा डिस्कवर थेट नकल केलेली प्रणाली परत आणली, तर ती सुरू होत नाही. दुसरी डिस्क मिळत नसेल, तर निदान सगळ्यांची मिळून एकच टार फाइल (गठ्ठा) करून त्यावर ठेवा, म्हणजे परवानग्या त्या फाइलीच्या आत सुरक्षित राहतात.

डिस्क लक्सने (लिनक्सच्या एन्क्रिप्शन पद्धतीने) एन्क्रिप्ट केलेली असेल, तर तिचा पासफ्रेज कागदावर लिहून ठेवा. डिस्क टीपीएम या किल्ली सांभाळणाऱ्या चिपच्या साहाय्याने आपोआप उघडत असेल, तर हे अधिकच आवश्यक आहे, कारण ती चिप जुन्या मदरबोर्डवरच राहते आणि नव्या यंत्रात पासफ्रेजशिवाय दुसरा उपाय उरत नाही. क्रिप्टसेटअपची लक्सहेडरबॅकअप ही सोय वापरून हेडरची, म्हणजे किल्ल्या ठेवलेल्या सुरुवातीच्या भागाची, प्रतही काढून ठेवावी.

३. जुन्या संगणकावर करावयाची कामे

पहिले काम बॅकअपचे. तो घेऊन झाल्यावर त्यातील दोन-चार फाइली उघडून पाहा. बॅकअप उघडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्यानंतर स्मार्टसीटीएलने जुन्या डिस्कची प्रकृती तपासा. डिस्क खराब होत चालली असेल, तर साधी नकल करणारी साधने मध्येच थांबतात. अशा वेळी डीडीरेस्क्यू वापरावे. ते आधी वाचता येणारा भाग काढून घेते आणि खराब भागाकडे नंतर परत येते.

मग प्रणाली अद्ययावत करा आणि प्रारंभिक रॅमडिस्ककडे लक्ष द्या. बूट होताना मूळ डिस्क सापडेपर्यंत लागणारे ड्रायव्हर या छोट्या फाइलीत असतात. डेबियन आणि उबुंटू बहुतेक सर्व ड्रायव्हर तिच्यात घालतात, त्यामुळे तिथे सहसा काही करावे लागत नाही. फेडोरात मात्र ड्रॅकट हे रॅमडिस्क बांधणारे साधन फक्त चालू यंत्राला लागणारेच ड्रायव्हर घेते, आणि आर्चमध्ये ऑटोडिटेक्ट हा हुक (रॅमडिस्क बांधतानाची एक पायरी) तेच करतो. साटा (जुन्या जोडणीच्या) डिस्कच्या यंत्रावर बांधलेली अशी रॅमडिस्क एनव्हीएमईच्या (नव्या, वेगवान जोडणीच्या) यंत्रावर नेली, तर मूळ डिस्क न सापडून बूट अर्ध्यावर थांबते. फेडोरात ड्रॅकटला नो-होस्टओन्ली, रीजनरेट-ऑल आणि फोर्स हे पर्याय देऊन सर्व रॅमडिस्क नव्याने बांधून घ्याव्यात. आर्चमध्ये तो हुक तात्पुरता काढून एमकेइनिटसीपीआयओ चालवावे. हे विसरल्यास फेडोराच्या बूट मेनूतील रेस्क्यू नोंद कामी येते, कारण तिची रॅमडिस्क सर्वसाधारण असते.

एनव्हिडियाचा मालकी हक्काचा ड्रायव्हर बसवलेला असेल आणि नव्या यंत्रात ते कार्ड नसेल, तर तो इथेच काढून टाका. एक्स११ फोल्डरात कधी काळी हाताने लिहिलेली एक्सऑर्गची फाइल असेल, तर तिचे नाव बदलून ठेवा. नव्या यंत्रावर काळ्या पडद्यासमोर बसून हीच कामे करणे फार कष्टाचे होते.

डेटाबेस चालवत असाल, तर त्याच्या फाइली चालू स्थितीत उचलू नका. आधी डंप घ्या, मग सेवा बंद करा. शेवटी संगणक पूर्णपणे बंद करा. हायबरनेट केलेल्या अवस्थेत डिस्कची नकल घेतली, तर फाइल सिस्टीम अर्धवट स्थितीत राहते आणि नव्या यंत्रावर बिघडू शकते.

४. प्रत्यक्ष स्थलांतराचे तीन मार्ग

पहिला मार्ग डिस्कच काढून नव्या यंत्रात बसवण्याचा. जोडणी जुळत असेल, तर यासारखे सोपे काही नाही. यात पार्टिशनची ओळख बदलत नाही, त्यामुळे थेट सहाव्या पायरीकडे जावे.

दुसरा मार्ग क्लोनचा, म्हणजे संपूर्ण डिस्कची हुबेहूब नकल घेण्याचा. यासाठी क्लोनझिला हे साधन नवख्यांना अधिक सुरक्षित आहे. ते फाइल सिस्टीम ओळखते, फक्त वापरलेले ब्लॉक उचलते आणि लिहिण्यापूर्वी पुन्हा पुन्हा विचारते. डीडी ही आज्ञा काहीच विचारत नाही. तिच्यात आयएफ म्हणजे जिथून वाचायचे ते आणि ओएफ म्हणजे जिथे लिहायचे ते. ही दोन नावे उलटी झाली, तर रिकामी डिस्क तुमच्या भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते आणि गेलेले परत येत नाही. एलएसबीएलके चालवून डिस्कचा आकार आणि मॉडेल पाहिल्याशिवाय नाव लिहू नका, कारण लाइव्ह यूएसबीवरून सुरू केल्यावर कालचे एसडीए आज एसडीबी झालेले असू शकते.

क्लोनसाठी नवी डिस्क जुन्याइतकी किंवा तिच्याहून मोठी असावी लागते. मोठी असल्यास उरलेली जागा आपोआप वापरात येत नाही. जीपीटी पद्धतीत पार्टिशन सारणीची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. क्लोननंतर ती जुन्या शेवटाच्या जागी, म्हणजे नव्या डिस्कच्या मध्येच कुठेतरी राहते. जीपार्टेड उघडल्यावर ते ही दुरुस्ती सुचवते, ती स्वीकारावी आणि मग पार्टिशन वाढवावे. हाताने करताना पार्टिशन वाढवल्यावर एक्सटी४ साठी रिसाइझ२एफएस आणि एक्सएफएससाठी एक्सएफएस_ग्रोएफएस चालवावे लागते.

तिसरा मार्ग आरसिंकचा, म्हणजे फाइली उतरवून घेणाऱ्या साधनाचा, आणि माझी पसंती यालाच आहे. नव्या डिस्कवर आपल्या मनाप्रमाणे पार्टिशन करावीत, त्यांवर नवी फाइल सिस्टीम घालावी आणि जुन्या प्रणालीतील सर्व फाइली तिथे उतरवाव्यात. डिस्क लहान असली तरी चालते, फाइल सिस्टीमचा प्रकार बदलता येतो, आणि जुने यंत्र बायोस या जुन्या पद्धतीच्या फर्मवेअरचे असून नवे यूईएफआय या नव्या पद्धतीचे असेल, तर हाच मार्ग सर्वांत स्वच्छ ठरतो. यूईएफआयसाठी फॅट३२ पद्धतीचे एक ईएफआय पार्टिशन लागते. ५१२ एमबी ते १ जीबी एवढी जागा त्याला पुरते.

दोन्ही डिस्क एका संगणकाला जोडून तो लाइव्ह यूएसबीवरून सुरू करा, जुनी डिस्क एका फोल्डरावर फक्त वाचण्यासाठी आणि नवी दुसऱ्या फोल्डरावर माउंट करा (जोडा). आरसिंकला लहान ए आणि त्याच्यासोबत मोठे एच, मोठे ए व मोठे एक्स हे पर्याय द्या. यांमुळे परवानग्या, हार्ड लिंक, प्रवेशाच्या सविस्तर याद्या आणि विस्तारित गुणधर्म जसेच्या तसे येतात. न्यूमेरिक-आयडीज हा पर्यायही हवा, नाहीतर मालकांची नावे लाइव्ह प्रणालीच्या यादीशी जुळवली जातात. स्रोताच्या मार्गाच्या शेवटी तिरपी रेघ लिहायला विसरू नका. ती नसेल, तर सगळे एका अधिकच्या फोल्डराच्या आत जाऊन बसते. चालू प्रणालीवरून नकल करणार असाल, तर डेव्ह, प्रॉक, सिस, रन, टीएमपी, एमएनटी आणि मीडिया या फोल्डरांतील मजकूर वगळावा लागतो. मात्र ते फोल्डर रिकामे का होईना, नव्या डिस्कवर असायलाच हवेत.

५. पार्टिशनची ओळख: यूयूआयडी

बहुतेकांची गाडी इथे अडते, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

प्रत्येक फाइल सिस्टीमला यूयूआयडी नावाची एक लांबलचक ओळख असते, आणि ईटीसी फोल्डरातील एफएसटॅब या फाइलीत कोणते पार्टिशन कुठे जोडायचे ते या ओळखीनेच लिहिलेले असते. आरसिंकच्या मार्गात फाइल सिस्टीम नव्या असल्याने ओळखही नवी असते. बीएलकेआयडी चालवून नव्या ओळखी पाहा आणि एफएसटॅबमध्ये लिहा. एन्क्रिप्शन असेल, तर क्रिप्टटॅबमध्येही लिहा. स्वॅप पार्टिशनची ओळख विसरली जाते. ती चुकीची राहिली, तर हायबरनेटसाठी नेमलेल्या पार्टिशनची वाट पाहत बूट रेंगाळते. डेबियन व उबुंटूमध्ये ही नोंद इनिटरॅमएफएस-टूल्सच्या रिझ्यूम या फाइलीत सापडते. एफएसटॅबमध्ये कुठे यूयूआयडीऐवजी थेट एसडीए१ असे नाव असेल, तर तेही बदला, कारण एनव्हीएमई डिस्कवर त्या नावाचे काहीच नसते.

क्लोनच्या मार्गात अडचण नेमकी उलटी आहे. दोन्ही डिस्कवरच्या फाइल सिस्टीमची ओळख एकच असते. माझ्याकडून नेमके हेच झाले. क्लोन झाल्यावर जुनी डिस्क मी त्याच संगणकात राहू दिली. मेनूतून नवी डिस्क निवडून मी संगणक सुरू करीत असे, पण एकाच ओळखीच्या दोन फाइल सिस्टीम दिसल्यावर प्रणाली मूळ डिस्क म्हणून जुनीच जोडीत होती. दोन आठवड्यांचे काम त्या जुन्या डिस्कवर जमा झाले आणि ती काढल्यावर ते सारे नाहीसे झाल्यासारखे दिसले. डेटा वाचला, पण दोन्ही डिस्कवरील फाइली तपासून एकत्र करायला एक संपूर्ण दिवस लागला. बीटीआरएफएसमध्ये तर एकाच ओळखीच्या दोन प्रती एकत्र जोडल्यास फाइल सिस्टीमच बिघडण्याचा गंभीर धोका असतो. म्हणून क्लोन पूर्ण होताच संगणक बंद करा, जुनी डिस्क काढा आणि मगच नवी सुरू करा. सुरू झाल्यावर फाइंडएमएनटी चालवून मूळ फोल्डर कोणत्या डिस्कवरून जोडला गेला आहे, हे डोळ्यांनी पाहून घ्या.

६. बूटलोडर नव्या यंत्राला ओळखीचा करून देणे

यूईएफआय संगणकात कोणता बूटलोडर (प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्रॅम) सुरू करायचा याची नोंद डिस्कवर नसून मदरबोर्डवरील स्मृतीत असते. डिस्क हलवली, तरी ती नोंद जुन्या यंत्रातच राहते, आणि नवा संगणक बूट करण्याजोगी डिस्क नाही असे सांगतो. डेटा जागेवर असतो, घाबरू नये.

लाइव्ह यूएसबीवरून नवे यंत्र सुरू करा. प्रथम सिस फोल्डरात फर्मवेअर आणि त्याच्या आत ईएफआय हा फोल्डर आहे का ते पाहा. तो नसेल, तर लाइव्ह यूएसबी जुन्या बायोस पद्धतीने सुरू झालेला आहे आणि तिथून ही नोंद करताच येणार नाही. फर्मवेअरच्या मेनूतून यूईएफआयची नोंद निवडून पुन्हा सुरू करा. मग नव्या डिस्कचे मूळ पार्टिशन माउंट करा, त्याच्या बूट फोल्डरातील ईएफआय या ठिकाणी ईएफआय पार्टिशन जोडा, डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे चार फोल्डर आरबाइंडने आत जोडा आणि सीएचरूटने त्या प्रणालीत शिरा. बूटचे वेगळे पार्टिशन असेल, तर ईएफआयच्या आधी ते जोडावे.

ग्रब हा इथला बूटलोडर. जुने यंत्रही यूईएफआयचेच असेल, तर डेबियन आणि उबुंटूमध्ये आत गेल्यावर ग्रब-इन्स्टॉल, अपडेट-इनिटरॅमएफएस आणि अपडेट-ग्रब या तीन आज्ञा पुरेशा होतात; ते बायोसचे असेल, तर आधी ग्रबचे ईएफआय पॅकेज बसवावे लागते. फर्मवेअर नोंद लक्षात ठेवत नसेल, तर ग्रब-इन्स्टॉलला रिमूव्हेबल हा पर्याय द्यावा. तो बूटलोडर ठरावीक ठिकाणी ठेवतो, आणि नोंद नसली तरी फर्मवेअर तिथे शोधतेच. फेडोरात यूईएफआय यंत्रावर ग्रब२-इन्स्टॉल चालवू नये. त्याऐवजी शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) आणि ग्रबचे ईएफआय पॅकेज पुन्हा बसवावे, आणि मूळ पार्टिशनची ओळख बदलली असेल, तर बूटच्या लोडर नोंदींमध्येही ती बदलावी. आरसिंकने आणलेल्या फेडोरात मूळ फोल्डरात ऑटोरिलेबल नावाची, सुरुवातीला टिंब असलेली रिकामी फाइल करून ठेवा, म्हणजे पहिल्या बूटमध्ये एसईलिनक्स या सुरक्षा-व्यवस्थेच्या खुणा नव्याने लावल्या जातात. त्याला वेळ लागतो, मध्येच बंद करू नका.

सिक्युअर बूट (फक्त सही असलेलेच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी फर्मवेअरची सोय) चालू असेल आणि तुम्ही बाहेरचे मॉड्यूल, उदाहरणार्थ एनव्हिडियाचे किंवा व्हर्च्युअलबॉक्सचे, वापरत असाल, तर त्यांच्या सहीची एमओके की देखील जुन्या मदरबोर्डवरच राहिलेली असते. मोकयूटिलने ती नव्या यंत्रात पुन्हा नोंदवावी लागते.

७. पहिल्यांदा सुरू झाल्यावर

नेटवर्क चालत नसेल, तर कार्डाचे नाव बदललेले असणार. लिनक्स हे नाव कार्ड मदरबोर्डवर कुठे बसले आहे त्यावरून ठरवतो, म्हणून जुने ईएनपी३एस० इथे दुसरेच काही होते. आयपी ही आज्ञा नवे नाव दाखवते. नेटप्लॅन किंवा नेटवर्क इंटरफेसेसच्या फाइलीत ते लिहावे. प्रोसेसरची कंपनी बदलली असेल, तर त्या कंपनीचे मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतील सुधारणांचे) पॅकेज बसवा. ब्लूटूथची उपकरणे नव्याने जोडावी लागतात, कारण जुनी जोडणी जुन्या अडॅप्टरच्या पत्त्याशी बांधलेली होती.

सिस्टमसीटीएलला फेल्ड हा पर्याय देऊन कोणत्या सेवा सुरू झाल्या नाहीत ते पाहा आणि जर्नलसीटीएलमध्ये याच बूटच्या चुका वाचा. संगणक झोपवून परत जागा करून पाहा. लॅपटॉपमधील दोष इथे उघडे पडतात.

जुना संगणकही त्याच नेटवर्कवर चालू ठेवायचा असेल, तर दोघांचे मशीन-आयडी (प्रणालीची ओळख) आणि एसएसएचच्या (दुरून प्रवेश देणाऱ्या सोयीच्या) होस्ट की एकच राहतात, आणि राउटर दोघांना एकच पत्ता देऊन बसू शकतो. एकावर मशीन-आयडीची फाइल रिकामी करून पुन्हा सुरू करा, होस्ट की पुसून एसएसएच-कीजेनला मोठे ए देऊन नव्या तयार करा आणि होस्टनेमही बदला.

८. नव्याने टाकून फक्त आपले सामान नेणार असाल तर

वापरकर्त्याचे नाव आणि क्रमांक जुनाच ठेवा. पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक बहुधा १००० असतो. होम फोल्डर नेताना टिंबाने सुरू होणारे फोल्डर सुटतात, आणि सारी मांडणी तर त्यांतच असते. एसएसएचच्या फोल्डराची परवानगी ७०० आणि खाजगी कीची ६०० ठेवावी. खाजगी की इतरांना वाचता येत असेल, तर एसएसएच ती वापरायचे नाकारते. पॅकेजांची यादी डेबियन व उबुंटूत एपीटी-मार्कच्या शोमॅन्युअलने आणि आर्चमध्ये पॅकमॅनने काढता येते. फ्लॅटपॅकची वेगळी घ्यावी.

होमबाहेर राहून जाणाऱ्या गोष्टी नेहमी त्याच असतात: ईटीसीमधील हाताने बदललेल्या फाइली, ऑप्ट आणि यूएसआर-लोकल, क्रॉनची वेळापत्रके, व्हर्च्युअल मशीनच्या प्रतिमा आणि डॉकरचे व्हॉल्यूम. जुन्या प्रणालीचा ईटीसी फोल्डर नव्यावर सरसकट पसरू नका. तो शेजारी ठेवा आणि लागेल ती फाइल तुलना करून उचला.

९. जुनी डिस्क

निदान महिनाभर ती तशीच, न जोडता ठेवा. एखादा फोल्डर राहून गेल्याचे तो लागतो तेव्हाच कळते. त्यानंतर डिस्क दुसऱ्याला द्यायची असेल, तर केवळ फाइली पुसून भागत नाही. फिरत्या चकत्यांच्या डिस्कवर श्रेड चालते. एसएसडीवर त्याचा भरवसा धरता येत नाही, कारण आतला कंट्रोलर प्रत्यक्षात कुठे लिहितो हे बाहेरून ठरत नाही. तिच्यासाठी उत्पादकाने दिलेली सुरक्षित पुसण्याची सोय किंवा एनव्हीएमईची फॉरमॅट आज्ञा वापरावी, आणि डिस्क आधीपासून लक्सने एन्क्रिप्ट केलेली असेल, तर क्रिप्टसेटअपच्या इरेझ या आज्ञेने तिचे सर्व कीस्लॉट नष्ट करावेत. हेडरची जी प्रत तुम्ही दुसऱ्या पायरीत काढून ठेवली होती, तीही त्याच वेळी पुसावी, कारण ती प्रत आणि पासफ्रेज हाती असणाऱ्याला ती डिस्क पुन्हा उघडता येते.